खड्डा, आड आणि न्हाणीचं पाणी: सीमाभागातल्या गावाच्या स्वच्छतेचं काम, पायरीपायरीने

खानापूरच्या जांभ्यात खणलेला खड्डा आणि निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात खणलेला खड्डा सारखा वागत नाही. कणकुंबीच्या बाजूला पाऊस नुसता कोसळतो आणि जुलैत आडातलं पाणी कठड्याच्या जवळ येतं. चिकोडी-रायबागकडे काळी माती फुगून घट्ट होते, पाणी आत घेतच नाही. शौचालयाचा नकाशा मात्र दोन्हीकडे एकच वापरतात. मग दोन वर्षांत भांडं तुंबतं, वास सुटतो आणि माणसं पुन्हा तांब्या घेऊन ओढ्याकडे निघतात. त्यांना सवय नाही म्हणून आपण दोष देतो, पण खड्ड्याचं झाकण उघडून पाहिलं की कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं: जमीन न बघता खणलेला, आतून गिलावा केलेला, नको तितका खोल खड्डा. म्हणून काम जमिनीपासून सुरू करू या. बांधकाम त्यानंतर.

पहिली फेरी: गाव कागदावर उतरवा

सकाळी सातच्या सुमाराला निघायचं. सोबत आशा कार्यकर्ती, पाणी सोडणारा वॉटरमन, प्रत्येक गल्लीतल्या दोन बायका आणि मीटरचा टेप. बायका हव्यातच, कारण कुठल्या नळाला गढूळ पाणी येतं आणि कुठल्या कोपऱ्यावर डबकं आटत नाही हे त्यांना न विचारताही माहीत असतं.

मोठ्या कागदावर गल्ल्या काढायच्या आणि त्यांवर आड, विहिरी, बोअर, पाण्याची टाकी, नळाचे वाल्व, शौचालयाचे खड्डे, उकिरडे, साचलेलं पाणी आणि उघड्यावर जाण्याच्या जागा दाखवायच्या. प्रत्येक आडापासून जवळच्या खड्ड्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहायचं. डोळ्यांच्या अंदाजावर सोडायचं नाही. भिंती आणि परसू मध्ये आले की दहा मीटर आणि सहा मीटर सारखेच वाटतात.

वाल्वच्या खड्ड्यांकडे खास लक्ष द्या. पाणी सोडणं बंद झालं की नळाच्या वाहिनीतला दाब उतरतो आणि जिथे सांधा सैल असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. वाल्वच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेच पाणी घागरीत येतं. गावात एकाच गल्लीत जुलाब सुरू झाले तर पहिला संशय इथे घ्यायचा.

शौचालय असलेल्या घरात चार प्रश्न विचारा. खड्डे किती? आतून गिलावा आहे का? पाइप शेवटी कुठे जातो? घरातलं कोण वापरत नाही? शेवटचा प्रश्न सुनेला आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायचा, कर्त्या पुरुषाला नव्हे. गुडघेदुखीमुळे बसता न येणारी आजी, दाराला कडी नाही म्हणून न जाणारी मुलगी, पाणी लांबून आणावं लागतं म्हणून टाळणारी सून, ही कारणं कर्त्याच्या उत्तरात येत नाहीत. आजीसाठी भिंतीला एक पकडायची दांडी लावली तरी वापर सुरू होतो.

ही फेरी उन्हाळ्यात एकदा आणि जुलैत एकदा, अशी दोनदा करायची. तयार नकाशा देवळात किंवा समाजमंदिरात लावा. कोण उघड्यावर जातं त्याची नावं मात्र त्यावर लिहू नका. नावं लिहिली की गाव दोन बाजूंना वाटलं जातं आणि पुढचं काम अडतं.

जमीन पाणी किती पिते ते मोजा

जिथे खड्डा घ्यायचा तिथे खड्ड्याच्या तळाइतक्या खोलीवर एक फूट लांब, एक फूट रुंद भोक घ्या. बाजू खुरप्याने खरवडा, कारण पहारीने दाबलेली माती गुळगुळीत होते आणि खोटं उत्तर देते. तळात दोन इंच बारीक खडी टाका, भोक पाण्याने भरा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी खडीच्या वर 15 सेंटीमीटर पाणी राहील इतकं भरा आणि पाणी 2.5 सेंटीमीटर, म्हणजे एक इंच, उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून पाहा.

तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठ मिनिटं लागली तर खड्ड्यापेक्षा लांब, उथळ चर बरा. तासापेक्षा जास्त लागला तर त्या जागी नुसता शोषखड्डा काम देणार नाही, किती का मोठा करा.

खानापूरकडे उलटी अडचण असते. जांभ्याला भोकं आणि फटी असतात; ओतलेलं पाणी बघता बघता गडप होतं आणि गवंडी खूश होतो. पण जे पाणी इतक्या वेगाने जातं ते न गाळताच जातं. साध्या मातीत खड्डा आणि आड यांत 10 मीटर अंतर पुरतं. फटींच्या जांभ्यात किंवा फुटक्या खडकात ते 30 मीटर तरी धरा आणि खड्डा आडाच्या खालच्या उताराला ठेवा. शेजाऱ्याचा आडही मोजा. आपल्या आडापासून लांब नेलेला खड्डा शेजारच्या आडाला चिकटलेला, हे घराला घर लागून असलेल्या गल्ल्यांत फार होतं.

शेवटी पाण्याची पातळी. जवळच्या आडात ऑगस्टमध्ये पाणी कुठवर येतं त्याची खूण कठड्याच्या आत चुन्याने करून ठेवा. खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या दोन मीटर वर राहिला तर उत्तम.

दोन खड्ड्यांचं शौचालय

पाच-सहा माणसांच्या घराला यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ दुसरं काही नाही. एक खड्डा वापरात, दुसरा बंद. पहिला भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिल्याला कुजायला सोडायचं. मैला उपसावा लागत नाही, गाडी बोलवावी लागत नाही.

माप असं: आतला व्यास 1 मीटर, खोली सव्वा मीटर. साडेचार इंची बांधकाम धरून खणताना व्यास सव्वा मीटर घ्यायचा. दोन खड्ड्यांत निदान 1 मीटर माती सोडायची, नाहीतर चालू खड्ड्याचं पाणी बंद खड्ड्यात झिरपतं आणि तिथला मैला कुजत नाही. एका माणसाचा वर्षाला साधारण 40 ते 50 लिटर गाळ साठतो, म्हणजे पाच माणसांना एक खड्डा तीन-साडेतीन वर्षं पुरतो. “दहा फूट खोल घेतो, जन्मभर बघायला नको,” असं सांगणारे गवंडी पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. खोल खड्डा पावसाळ्यात थेट भूजलात उतरतो, आणि भरला की तो उपसणं कोणाच्याच हातात राहत नाही.

जाळीदार बांधकाम हा या कामाचा प्राण. तळाला काँक्रीट नाही, फरशी नाही, उघडी माती. पहिला थर सलग विटांचा. दुसऱ्या थरात दोन विटांमध्ये दोन बोटं जागा सोडायची, तिसरा पुन्हा सलग, चौथा पुन्हा जाळीचा. असं पाइपाच्या तळापर्यंत जायचं. पाइपाच्या वरचा भाग पूर्ण सलग बांधायचा. एका खड्ड्याला पावणेदोनशे ते दोनशे विटा लागतात. बांधून झाल्यावर वरून वाकून बघा, भोकांतून मागची माती दिसली पाहिजे. सिमेंटचा मसाला भोकांत ओघळून वाळलेला असेल तर ओला असतानाच बोटाने काढून टाकायला लावा. खानापूरकडे विटांऐवजी जांभ्याचे चिरे वापरतात. ते जाड असल्यामुळे खणताना व्यास वाढवावा लागतो, नाहीतर आतली जागा निम्मी होते.

काळ्या मातीत बांधकामाच्या मागे 15 सेंटीमीटर जाडीचा वाळू किंवा विटांच्या तुकड्यांचा थर चहूबाजूंनी भरा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. हा थर तिचा दाब झेलतो आणि पाण्याला पसरायला जागा देतो. व्यासही थोडा वाढवा. आड नाइलाजाने जवळ असेल आणि जमीन भरड असेल तर खड्ड्याचा तळ चिकणमातीने किंवा काँक्रीटने बंद करून भोवती अर्धा मीटर जाडीची बारीक वाळू भरतात. पाणी बाजूने गाळून जातं. पाणथळ जागी खड्डा निम्मा जमिनीच्या वर बांधा, भोवती मातीचा भराव दाबून घाला आणि शौचालयाचा चौथरा त्याच मापाने उंच करा.

आता भांडं. दुकानात ग्रामीण पॅन म्हणून मागा. त्याचा उतार 25 ते 28 अंशांचा, तीव्र असतो आणि पाणसापळ्यात, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीत, फक्त 20 मिलिमीटर पाणी थांबतं, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये स्वच्छ होतं. शहरी उथळ भांड्याला बादलीभर पाणी लागतं. ते सगळं पाणी खड्ड्यात जातं आणि काळ्या मातीचा खड्डा पाण्यानेच भरून जातो. लोक म्हणतात खड्डा भरला. गाळ खाली गुडघाभरही नसतो.

पाइपाचा उतार 15 ला 1. भांडं ते खड्डा 3 मीटर असेल तर 20 सेंटीमीटर उतार. यासाठी चौथऱ्याची उंची आधी ठरवायची, खड्ड्याची पातळी नंतर. उलटं केलं की पाइप सपाट येतो आणि कोपऱ्यात घट्ट मैला अडतो. पाइप खड्ड्यात चार इंच पुढे काढा, नाहीतर पाणी भिंतीवरून ओघळून विटा सुटतात. भांडं आणि खड्डे यांच्यामध्ये एक फूट बाय एक फुटाचा चेंबर बांधून तिथून दोन फाटे काढायचे. एका फाट्याच्या तोंडाला वीट लावून मातीने लिंपायचं. दोन्ही फाटे उघडे सोडणं ही सर्रास होणारी चूक आहे. दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि दोन खड्ड्यांचा काही उपयोग उरत नाही.

झाकण जमिनीच्या चार-सहा इंच वर हवं, पावसाचं पाणी आत जाता कामा नये. हवेसाठी उंच पाइप लावायची गरज नाही. वायू जाळीतून मातीत जातो. न्हाणीचं पाणी या खड्ड्यात सोडायचं नाही. अ‍ॅसिड आणि फिनेल ओतायचं नाही, कारण मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. ब्रश आणि चिमूटभर धुण्याची पावडर पुरे.

पाणी उतरायला वेळ लागू लागला की चेंबरचं झाकण काढून बघा. पावसाळा असेल तर भूजल वर आल्यानेही असं होतं. पंधरा दिवस उघडीप मिळाल्यावर पुन्हा पाहा. खरंच भरला असेल तर वीट एका फाट्यावरून काढून दुसऱ्याला लावायची. बंद केलेला खड्डा निदान दीड-दोन वर्षं उघडायचा नाही. त्यानंतर फावडं लावलं तर आत काळसर, भुसभुशीत माती निघते, मुठीत दाबली तर चहाच्या पुडीसारखी सुटते, आणि तिला पहिल्या पावसानंतरच्या रानाचा वास येतो. चिकट लागली किंवा जुना वास आला तर खड्डा तसाच झाका आणि अजून सहा महिने थांबा. काढलेलं खत हातमोजे घालून काढा, फळझाडांच्या आळ्यात मातीआड करा. कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात नको.

आहे त्या शौचालयाचं काय

एकच खड्डा असेल तर मोडतोड लागत नाही. भांडं ते खड्डा या पाइपावर मध्ये चेंबर बसवून दुसरा फाटा नव्या खड्ड्याकडे काढा. जुना खड्डा आतून गिलावा केलेला असेल तर तो विसाव्यावर असताना, म्हणजे कुजून रिकामा झाल्यावर, बाजूंना छिन्नीने भोकं पाडता येतात.

सेफ्टी टाकी, म्हणजे सेप्टिक टँक, असेल तर तिचं पाणी कुठे जातं ते बघा. टाकीतून बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात. ते गटारात सोडणं म्हणजे शौचालय गटारात रिकामं करणं. त्याला शोषखड्डा हवाच. हवेच्या पाइपाच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी बांधा, टाकीतले डास तिथूनच बाहेर पडतात. दोन-तीन वर्षांनी टाकी सक्शन गाडीने उपसून घ्या आणि गाडी कुठे ओतणार हे पैसे देण्याआधी विचारा. मार्कंडेय किंवा हिरण्यकेशीच्या काठावर रात्री ओतलेली गाडी सकाळी खालच्या गावाच्या पाण्यात असते.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. कितीही ओळखीचा असो, कितीही पैसे मागो. आतला वायू दोन श्वासांत शुद्ध हरपवतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. माणसाकडून मैला साफ करवण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने तर हा गुन्हाच आहे.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी

नळ घरात आल्यापासून हे पाणी वाढलं आहे. जलजीवन योजनेत माणशी दिवसाला 55 लिटर धरतात. त्यातलं 35 लिटरच्या आसपास सांडपाणी होऊन बाहेर पडतं. पाच माणसांच्या घराचं रोजचं 175-180 लिटर.

साधा शोषखड्डा 1 मीटर लांब, रुंद, खोल. तळाच्या तिसऱ्या भागात डोक्याएवढे दगड, मधे नारळाएवढे, वर मुठीएवढे. त्यावर तळाला भोकं पाडलेलं मडकं बसवायचं, मडक्यात नारळाची काथ्या. मडक्याभोवती पालापाचोळा, जुनं पोतं आणि वर माती. पाणी मडक्यात पडतं, साबणाचा लगदा आणि केस काथ्यात अडकतात. दर आठवड्याला काथ्या काढून धुवा किंवा बदला. शोषखड्डे बंद पडण्याचं पहिलं कारण काथ्या कोणीच न बदलणं आहे. म्हणून मडक्याच्या आधी एक फुटाची छोटी गाळकुंडी बांधली तर बरं. भात-आमटीचं खरकटं तिथेच तळाला बसतं.

आता हिशेब करून बघा. या खड्ड्याच्या चार भिंती मिळून 4 चौरस मीटर. रेताड-मुरमाड जमीन दर चौरस मीटरला दिवसाला 30 लिटर पाणी घेते, म्हणजे 120 लिटर; पाच माणसांच्या घराला तेही कमीच. चिकण काळी माती 10 लिटर घेते, म्हणजे जेमतेम 40. निपाणीच्या काळ्या रानात एका खड्ड्यावर भिस्त ठेवली तर महिन्याभरात अंगणात डबकं होणारच. तिथे गाळकुंडीनंतर पाणी परसबागेत वळवा: पाच-सहा मीटरचा उथळ चर, त्यात खडी, आणि काठाने केळी, कर्दळ, अळू. केळीला पाणी कधी जास्त होत नाही. परसू नसलेल्या घरांसाठी चार-पाच घरांचा मिळून एक सार्वजनिक खड्डा पंचायतीच्या जागेत घ्यावा लागतो. तो ज्या घरांचा आहे त्यांनीच आळीपाळीने गाळकुंडी साफ करायची, हे खणण्याआधी ठरवून घ्या.

पंचायतीत जाताना शब्द माहीत असलेले बरे. शोषखड्ड्याला कन्नड कागदांवर ‘बच्चलु गुंडी’ लिहिलेलं असतं, रोजगार हमीला ‘उद्योग खात्री’. खड्डा या कामात बसतो. जॉबकार्ड, घराची जागा आणि वॉर्ड सभेतला ठराव लागतो. शौचालयासाठी स्वच्छ भारत मिशनमधून पात्र कुटुंबाला 12,000 रुपये मिळतात. काम सुरू करण्याआधी पीडीओंकडून, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून, मंजुरी घ्या आणि रिकाम्या जागेचा, खड्ड्याच्या जाळीचा, पूर्ण कामाचा असे तिन्ही वेळी फोटो काढून ठेवा. जाळीचा फोटो फार महत्त्वाचा, कारण झाकण पडल्यावर आत गिलावा आहे की जाळी, हे कोणी सांगू शकत नाही. अर्ज कन्नडमध्ये भरावा लागला तर भरून झाल्यावर मोठ्याने वाचून घ्या. नाव आणि घर नंबर आधार कार्डाशी जुळला नाही की पैसे अडकतात.

आड आणि टाकीत ब्लीचिंग पावडर

मूठभर पावडर विहिरीत भिरकावणं म्हणजे औषध नव्हे. चुन्याचे खडे तळाला जातात, वरचं पाणी तसंच राहतं.

आधी पाणी किती ते काढा. गोल आडाचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 785. मापं मीटरमध्ये असतील तर उत्तर लिटरमध्ये येतं. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर 28,260 लिटर. दर 1000 लिटरला चांगली पावडर 2.5 ग्रॅम, म्हणजे या आडाला 70 ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा, चमच्याच्या अंदाजाने नको.

प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. पाच-दहा मिनिटांत चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि चुना फेकून द्या. तो आडात गेला तर पाणी जड होतं. निवळ पाण्याची बादली दोरीने आडात पाण्याखाली नेऊन वरखाली, आडवीउभी हलवा. एक तास कोणी पाणी काढायचं नाही, म्हणून हे काम रात्री उशिरा केलेलं सोयीचं.

तासाभराने ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून तपासा. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. नळाची तपासणी टाकीजवळ करू नका, शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या नळावर करा. तिथे दर लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक हवं. टाकीखाली पिवळं आणि शेवटच्या नळाला पांढरं, याचा अर्थ मध्ये कुठेतरी गळती आहे. पावडर वाढवण्याआधी वाल्वचे खड्डे उघडा. महिन्यातून एकदा जिवाणू-तपासणीच्या बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवा. एक-दोन दिवसांत ते काळं झालं तर पाण्यात मैल्याचा अंश आहे.

पावडर हवेने मरते. पोतं उघडं ठेवलं, पंचायतीच्या कोपऱ्यात ओल लागली, की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. डोळ्यांना झोंबणारा वास येत नसेल तर ती पावडर फेका. लहान डब्यांत, घट्ट झाकणाने, अंधारात ठेवा.

हात धुणं

शौचानंतर, बाळाचं धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, भरवण्याआधी आणि जेवणाआधी. वीस सेकंद, साबणाने. साबण आणि पाणी जिथे हात धुवायचे तिथेच असेल तर धुतात, पडवीत असेल तर धुत नाहीत. अंगणवाडीत पाच लिटरच्या कॅनला वर भोक पाडून, आडव्या काठीवर टांगून, खाली पायाने दाबायची काठी दोरीने जोडा. साबणाला भोक पाडून बाजूला टांगा. मुलांना नळाला हात लावावा लागत नाही आणि कॅनभर पाणी खूप जणांना पुरतं.

उकिरडा आणि कचरा

शेण आणि पाचट हा कचरा नव्हे. त्याचं खत करायची नाडेप टाकी 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच, जाळीदार विटांची. सहा इंच काडीकचरा, त्यावर 4 किलो शेण सव्वाशे लिटर पाण्यात कालवून, त्यावर 50-60 किलो चाळलेली माती. असे थर टाकी भरेपर्यंत लावून वरून शेणमातीने लिंपायचं. भेगा पडल्या की पुन्हा लिंपा. तीन-चार महिन्यांत खत होतं. उसाचं पाचट जाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सुका कचरा पंचायतीच्या स्वच्छ संकीर्ण घटकाच्या, म्हणजे सुका कचरा निवडण्याच्या केंद्राच्या, गाडीत द्या. गाडी येण्याचा वार ठरलेला नसेल तर ग्रामसभेत ठरवून घ्या. प्लॅस्टिक ओढ्यात टाकलं की पहिल्याच पावसात मोरीत अडकतं आणि पाणी गल्लीत शिरतं. आठवड्यात एक दिवस हौद, पिंप, रांजण कोरडे करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत सात ते दहा दिवस लागतात, त्याआधी पाणी ओतलं की पिढी संपते.

यात्रा

महालक्ष्मीची यात्रा आली की एकेका घरी वीस-वीस पाहुणे मुक्कामाला. पाच माणसांचा खड्डा त्या आठवड्यात पाण्यानेच उचंबळतो. त्यामुळे यात्रेच्या दोन महिने आधी ज्यांचा खड्डा भरत आला आहे त्यांनी फाटा बदलून घ्यावा. यात्रा बहुधा उन्हाळ्यात आणि रानं मोकळी असतात. तिथे चराची शौचालयं करता येतात. चर 30 सेंटीमीटर रुंद, 90 ते 150 सेंटीमीटर खोल, दर 100 माणसांमागे 3 ते साडेतीन मीटर लांब. बायकांचे आणि पुरुषांचे वेगळ्या दिशांना, आड आणि ओढ्यापासून निदान 30 मीटर लांब, तट्ट्यांचा आडोसा आणि रात्रभर दिवा. काढलेली माती कडेलाच ठेवून फावडं ठेवा. प्रत्येक वापरानंतर मातीची पाटी. वर एक फूट जागा उरली की बुजवून टाका. दिवा विझला तर बायका तिकडे जात नाहीत, म्हणून दिव्याची जबाबदारी पंच कमिटीने एका माणसाच्या नावावर टाकावी. पाच हजार लिटरच्या टँकरला दर खेपेला 12-13 ग्रॅम पावडरचं निवळ पाणी. पुड्या आधीच तोलून बांधून ठेवा, गर्दीत तोलायला कोणाला सवड नसते.

पूर उतरल्यावर

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची गावं पाण्याखाली गेली, तेव्हा खड्डे आणि आड एकाच पाण्यात होते. पूर उतरल्यावर आड उपसून गाळ काढा. डिझेल-पेट्रोलचा पंप आडात उतरवून चालवू नका, धुराने खाली उतरलेला माणूस दगावतो. पाणी पुन्हा आलं की दर 1000 लिटरला 60 ग्रॅम पावडर वरच्याच रीतीने घालून रात्रभर ठेवा, ते सगळं पाणी उपसून टाका, आणि शिल्लक क्लोरीन लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या खाली आलं की मगच प्यायला घ्या. तोवर पाणी खळखळून उकळून. शौचालयाचे खड्डे पाण्याने भरलेले असतील तर उपसत बसू नका; भूजल उतरलं की तेही उतरतात. फक्त झाकणं आणि विटा तपासा, भिंतीमागची माती वाहून गेली असेल तर मुरूम भरून दाबा.

कोणी, कधी

काम एका माणसाच्या अंगावर टाकलं की त्याच्या शेतीच्या हंगामात बंद पडतं. प्रत्येक गल्लीसाठी दोघींची जोडी ठरवा. मे महिन्यात गाळकुंड्या, गटारं आणि झाकणं. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला शेवटच्या नळावर क्लोरीन. ऑगस्टमध्ये आडाच्या पातळीची खूण. दिवाळीनंतर खड्ड्यांची पाहणी. आणि ज्या दिवशी फाटा बदलला ती तारीख शौचालयाच्या भिंतीवर आतून ऑइल पेंटने लिहा, दाराच्या वर, जिथे पाणी उडत नाही. दोन वर्षांनी बंद खड्डा उघडायची वेळ झाली की नाही हे घरात कोणाला आठवत नसतं.